हिमनदीचा जमाखर्च

दिवाळी जवळ आली की पेढीवर जुन्या वह्या मिटवण्याची लगबग सुरू होते. वर्षभराची कीर्द तपासली जाते, खतावणीतील येणे-देणे जुळवले जाते, गोदामातील माल पुन्हा एकदा मोजून पाहिला जातो आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. सरकारी हिशेबाचे वर्ष आता मार्चअखेर संपते हे खरे; तरीही अनेक घरांत वहीपूजनाचा मान दिवाळीकडेच राहिला आहे.

साधारण याच सुमारास हिमालयात आणखी एक वही मिटवली जाते. हिमनद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आपले वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे धरतात. त्यामागचे कारण व्यवहारी आहे. सप्टेंबर संपता संपता उन्हाळ्यातील वितळणे थांबलेले असते आणि हिवाळ्यातील हिमवर्षाव अजून सुरू झालेला नसतो. वर्षभरात जे यायचे ते येऊन गेलेले आणि जे जायचे ते जाऊन चुकलेले, अशी ती वेळ. दुकानातील माल सर्वांत कमी असताना मोजणी सोपी जाते, तसेच हे.

ज्या हिमनदीची ही वही भारतात सर्वाधिक सातत्याने लिहिली गेली, तिचे नाव छोटा शिग्री. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, पीर पंजाल पर्वतरांगेच्या उत्तर उतारावर ती पसरली आहे. ‘शिग्री’ हा तिकडच्या बोलीत हिमनदीसाठीच वापरला जाणारा शब्द. शेजारची मोठी ती बडा शिग्री, ही धाकटी. धाकटी असली तरी लांबी सुमारे ९ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटर आहे. तिचे खालचे टोक समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरपेक्षा थोडे अधिक उंचीवर आहे, तर माथा ६,२०० मीटरच्याही वर जातो. तिच्यातून निघालेले पाणी चंद्रा नदीला मिळते, चंद्रेला पुढे तांदी येथे भागा भेटते आणि दोघींची चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. पंढरपूरच्या चंद्रभागेशी तिचे नावापुरतेच साम्य आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे काही वर्षे मोजणी झाली होती, पण ती पुढे थांबली. २००२ पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी फ्रेंच संशोधकांच्या सहकार्याने हे काम नव्याने हाती घेतले आणि तेव्हापासून ते दरवर्षी होत आले आहे. या हिमनदीचे महत्त्व तिच्या आकारात नसून या अखंड नोंदीत आहे.

वृत्तपत्रांतून हिमनद्यांविषयी जे वाचायला मिळते ते बहुधा त्यांच्या मुखाविषयी असते. गंगोत्री हिमनदीचे मुख, म्हणजे गोमुख, इतके मीटर मागे हटले, अशा बातम्या येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये गोमुखाचा नकाशा केला, तेव्हापासूनची ही मोजणी आहे आणि तिचे मोल कमी नाही. परंतु हिमनदीचे मुख म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू होय. आत भांडवल आटत चालले असले तरी पाटी बरीच वर्षे तशीच झळकत राहते. वरच्या भागात बर्फ कमी साठू लागले, तर त्याचा परिणाम काही किलोमीटर खाली मुखापर्यंत पोहोचायला वर्षे, कधी दशके लागतात. काही हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडमातीचा जाड थर असतो. अशा हिमनद्या जागच्या जागी पातळ होत जातात आणि त्यांचे मुख मात्र होते तिथेच दिसते. हिमनदी सुस्थितीत आहे की नाही हे जाणायचे असेल, तर तिची लांबी पाहून भागत नाही. तिच्याकडे बर्फ किती आले आणि किती गेले याचा जमाखर्च मांडावा लागतो.

हा जमाखर्च मांडण्याचे मुख्य साधन ऐकून नवल वाटेल. ते म्हणजे बांबू.

हिमनदीच्या खालच्या भागात, जिथे उन्हाळ्यात उघडे बर्फ वितळते तिथे, वाफेच्या यंत्राने बर्फात खोल, अरुंद छिद्र पाडले जाते. एका लहान बाष्पकात वाफ तयार होते आणि ती रबरी नळीतून टोकाशी पोहोचून बर्फ वितळवत खाली उतरते. या छिद्रात एकमेकांना तारेने जोडलेले बांबूचे तुकडे उभे सोडतात. ही काठी बर्फात अनेक मीटर खोल जाते. धातूची नळी का वापरत नाहीत, असा प्रश्न सहज पडेल. धातू उन्हाने तापतो आणि भोवतीचे बर्फ वितळवून स्वतःच खाली सरकू लागतो, मग मोजणी खोटी ठरते. बांबू उष्णता फारशी वाहून नेत नाही. शिवाय तो हलका आणि स्वस्त असून पाठीवर वाहून नेता येतो. चार-पाच हजार मीटर उंचीवर, जिथे प्रत्येक किलो माणसाच्या पाठीवरून जातो, तिथे हा गुण फार मोठा ठरतो.

काठी रोवताना तिचा किती भाग बर्फाबाहेर आहे ते लिहून ठेवतात. समजा एक मीटर होता. पुढील वर्षी त्याच दिवसांत चमू परत येतो, तेव्हा चार मीटर बाहेर दिसतो. काठी वर आलेली नाही, बर्फाचा पृष्ठभाग तीन मीटर खाली गेला आहे. झीज तीन मीटर. पण हा आकडा लगेच वहीत चढत नाही, कारण येथे मापाचा प्रश्न उभा राहतो.

कापसाच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. मोकळ्या कापसाने भरलेली खोली आणि दाबून बांधलेल्या गाठींनी भरलेली खोली आकाराने सारखी असली, तरी कोणी त्यांचा भाव सारखा करीत नाही. आकार फसवा असतो, खरे असते ते वजन. ताज्या भुसभुशीत हिमाचा एक घनमीटर शंभर किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही कमी. तेच हिम वर्षानुवर्षे दबून, गोठून बर्फ झाले की एका घनमीटरचे वजन सुमारे ९०० किलो होते. म्हणून हिमनदीची भर आणि झीज दोन्ही पाण्याच्या मापात बदलून घेतात. तीन मीटर बर्फ वितळले म्हणजे २.७ मीटर पाणी गेले. एवढ्या पाण्याचा थर त्या जागेवरून उतरून गेला, असा त्याचा अर्थ.

ही झाली खर्चाची बाजू. जमेची बाजू हिमनदीच्या वरच्या भागात, साधारण पाच हजार मीटरच्या वर शोधावी लागते. तिथे उन्हाळ्यातही सगळे हिम वितळत नाही, काही उरते आणि त्यावर पुढील हिवाळ्याचे हिम साठते. येथे काठीचा उपयोग होत नाही, खड्डा खणावा लागतो किंवा पोकळ नळीने हिमाचा नमुना काढावा लागतो. खणत खाली जाताना एका ठिकाणी हिमाचा रंग बदलतो. वाऱ्याने आणलेली धूळ आणि उन्हाळ्याची मळकट छटा असलेला तो थर म्हणजे मागील वर्षाच्या हिशेबाची शेवटची ओळ होय. त्याच्या वरचे सर्व हिम चालू वर्षाचे. त्याची जाडी मोजतात, ठरावीक मापाचे नमुने काढून तराजूवर तोलतात आणि घनता काढतात. दोन मीटर हिम मिळाले आणि सरासरी घनता घनमीटरमागे ४५० किलो निघाली, तर ०.९ मीटर पाणी जमा झाले.

जमेच्या बाजूची एक अडचण येथेच सांगायला हवी. खालच्या भागात काठ्या वीसहून अधिक रोवता येतात. वर मात्र हवा विरळ असते, बर्फातील भेगा हिमाखाली लपलेल्या असतात आणि हिमकडे कोसळण्याची भीती असते. त्यामुळे खड्डे मोजक्याच जागी खणता येतात. उरलेल्या जागांचा अंदाज त्यांच्यावरून बांधावा लागतो. कोणत्याही पेढीवर खर्चाच्या पावत्या फायलीत नीट लावलेल्या असाव्यात आणि जमेची नोंद मात्र चार-पाच चिठ्ठ्यांवर असावी, तशी ही स्थिती आहे. शास्त्रज्ञ ती झाकून ठेवत नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे ‘यात इतके कमी-अधिक असू शकते’ असे तेच लिहितात.

पुढचे काम गुणाकार-बेरजेचे आहे. हिमनदीचे उंचीनुसार पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यातील भर किंवा झीज त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणतात, सर्वांची बेरीज करून एकूण क्षेत्रफळाने भागतात. जो आकडा येतो तो त्या वर्षाची शिल्लक. शून्याच्या वर असला तर हिमनदीचे भांडवल वाढले, खाली असला तर घटले. याच हिशेबातून आणखी एक उंची मिळते. तिच्या वर हिमनदी वर्षाकाठी नफ्यात असते, तिच्या खाली तोट्यात. तिला समतोल रेषा म्हणतात. ही रेषा वर चढली तर नफ्याचा प्रदेश आकसतो आणि तोट्याचा पसरतो. छोटा शिग्रीवर २००४-०५ या बऱ्या वर्षात ती सुमारे ४,८५५ मीटरवर होती आणि वर्षाची शिल्लक अधिक ०.१ मीटर पाणी अशी निघाली. २००२-०३ आणि २००५-०६ या वाईट वर्षांत तीच रेषा सुमारे ५,१८० मीटरवर गेली आणि शिल्लक उणे १.४ मीटर झाली. रेषा सव्वातीनशे मीटर वर सरकली आणि बरे वर्ष वाईट होऊन बसले.

वर्ष बरे की वाईट हे कशावर ठरते, याचे उत्तर या हिमनदीने अनपेक्षित दिले. लाहौल हा पावसाच्या छायेतील प्रदेश. तिथे बहुतांश हिम हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी वाऱ्यांबरोबर पडते. तेव्हा हिवाळ्यात किती हिम पडले यावरच सारे अवलंबून असेल, असे वाटते. संशोधनातून मात्र दिसले की उन्हाळ्यात, मोसमी वाऱ्यांच्या काळात अधूनमधून पडणारे हिम फार निर्णायक असते. त्याचे वजन थोडे असते, पण रंग पांढरा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिमनदीचा खालचा भाग धुळीने काळवंडलेला असतो आणि काळे बर्फ ऊन शोषून झपाट्याने वितळते. अशा वेळी एकदा भरपूर हिम पडले, की पांढरी चादर पसरते, ऊन परत फेकले जाते आणि खालच्या बर्फाची झीज काही दिवस थांबते. तापमान वाढले, की त्याच दिवसांत हिमाऐवजी पाऊस पडतो. तेव्हा चादर तर मिळत नाहीच, उलट वितळणे चालू राहते. दोन-तीन अंशांचा फरक हिमनदीच्या वर्षाची शिल्लक फिरवू शकतो, तो असा.

२००२ ते २०१९ या सतरा वर्षांचा हिशेब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. छोटा शिग्रीची सरासरी शिल्लक दर वर्षाला उणे ०.४६ मीटर पाणी, आणि एकूण घट ७.८७ मीटर. म्हणजे साडेपंधरा चौरस किलोमीटरच्या संपूर्ण हिमनदीवरून सरासरी जवळजवळ आठ मीटर पाण्याचा थर या काळात निघून गेला. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून साधा गुणाकार करून पाहता येईल. वर्षाला ०.४६ मीटर म्हणजे सुमारे ७१३ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी वाहायचे ठरवले, तर दरवर्षी सात लाखांहून अधिक खेपा भराव्या लागतील. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील किंवा माणदेशातील कुटुंबाला या संख्येचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि हे हिमनदीतून वाहणारे एकूण पाणी नव्हे. जमा झालेले वजा जाता भांडवलातून गेलेले पाणी आहे.

या ०.४६ च्या पुढे शास्त्रज्ञांनी ‘०.४० ने कमी-अधिक’ असे लिहिले आहे. कोणत्याही दिवाणजीला हे खटकेल. चूक जवळजवळ रकमेएवढीच असेल, तर अशा हिशेबाचा भरवसा काय? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच एकाच वहीवर विसंबून राहता येत नाही. रोजमेळ कितीही काटेकोर लिहिला असला तरी वर्षाअखेर गोदाम उघडून माल मोजावाच लागतो. दोन्ही जुळले तर वहीवर विश्वास बसतो. हिमनदीचे गोदाम मोजण्याची सोय आता आकाशातून झाली आहे. उपग्रहांच्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून हिमनदीच्या पृष्ठभागाची उंची ठरवता येते. काही वर्षांनी पुन्हा तसेच केले की पृष्ठभाग किती खाली गेला ते कळते. अशी पडताळणी छोटा शिग्रीवर झाली आणि तोट्याची दिशा पक्की ठरली.

याच पडताळणीने आणखी एक गोष्ट उजेडात आणली, आणि ती घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. १९९० च्या दशकात लाहौल-स्पितीतील हिमनद्या जवळजवळ समतोलात होत्या, कदाचित थोड्या नफ्यातही. घसरण त्यानंतर सुरू झाली. हिमालयातील प्रत्येक हिमनदी शतकभर सारख्याच वेगाने वितळत आली आहे, असे जे चित्र मनात असते ते बरोबर नाही. तिकडे काराकोरममधील अनेक हिमनद्या तर बराच काळ जवळपास स्थिर राहिल्या आहेत. अभ्यासक तिला ‘काराकोरमची विसंगती’ म्हणतात. प्रत्येक खाते वेगळे पाहावे लागते.

संपूर्ण हिमालयाच्या जुन्या काळाचा हिशेब मिळाला तो एका विचित्र मार्गाने. १९७० च्या दशकात अमेरिकेचे ‘हेक्सागॉन’ नावाचे हेर-उपग्रह परदेशांची छायाचित्रे काढत होते. त्यांच्या फिल्मची कुपी हवाई छत्रीने खाली सोडली जाई आणि विमान ती हवेतच पकडत असे. हेरगिरीच्या कामाचे ते चित्रण पुढे जनतेसाठी खुले झाले आणि त्यात हिमालयही होता. त्या छायाचित्रांवरून आणि नंतरच्या उपग्रहांच्या नोंदींवरून हिमालयातील दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातील ६५० हिमनद्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात या हिमनद्यांची घट वर्षाला सरासरी ०.२२ मीटर पाणी होती. २००० ते २०१६ या काळात ती ०.४३ झाली, म्हणजे जवळपास दुप्पट. छोटा शिग्रीच्या बांबूंनी दिलेला आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा.

वजन करण्याची तिसरी रीतही आहे. ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह २००२ पासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकामागोमाग पृथ्वीभोवती फिरत होते. खाली वस्तुमान जास्त असले की गुरुत्वाकर्षण किंचित वाढते आणि दोघांतील अंतर अगदी सूक्ष्म बदलते. त्यावरून खालच्या पाण्याचे आणि बर्फाचे वजन कळते. पण वायव्य भारतात या तराजूला एक अडथळा आला. हिमालयाच्या पायथ्याशी पंजाब, हरियाणात भूजलाचा इतका उपसा होतो की त्या विहिरींचे आटलेले पाणी आणि डोंगरावरचे वितळलेले बर्फ यांची वजने एकमेकांत मिसळतात. एकाच गल्ल्यात दोन दुकानांचे पैसे पडावेत, तसे होते. ते वेगळे करायला पुन्हा जमिनीवरच्या मोजणीचाच आधार घ्यावा लागतो.

हे सर्व कोणासाठी मोजायचे, याचे उत्तर लाहौलच्या शेतात आहे. पाऊस थोडा असल्याने तिथले वाटाणे आणि बटाटे पिकतात ते डोंगरावरून कुल्ह नावाच्या पाटांनी आणलेल्या हिमाच्या व बर्फाच्या पाण्यावर. हाच शेतमाल खालच्या बाजारपेठांत जातो. हिमनदी तोट्यात असताना या पाटांना पाणी कमी येईल असे वाटते, पण आरंभी घडते ते उलट. बर्फ अधिक वितळल्याने प्रवाह वाढतो. भांडवल मोडून खाणाऱ्या घरात काही वर्षे मोठी सुबत्ता दिसते. लग्ने थाटात होतात, नवी गाडी दारात उभी राहते आणि शेजाऱ्यांना धंदा भरभराटीला आल्याचे वाटते. वहीत मात्र व्याजाची रक्कम तीच असते, मुद्दल घटलेले असते. हिमनदीच्या पाण्यालाही असे एक शिखर येते आणि मग ते कमी होऊ लागते. लहान हिमनद्यांवर अवलंबून असलेल्या गावांना हे आधी अनुभवावे लागते, मोठ्या खोऱ्यांना उशिरा. खाली चिनाबवर बगलिहार आणि सलालसारखी जलविद्युत धरणे आहेत, त्याही पलीकडे सीमेपारची शेती आहे. त्यांच्याकडे पावसाचे आणि हिवाळी हिमाचेही पाणी येते. तरी कोरड्या वर्षी, पाऊस लांबला असताना, नदीला जो आधार मिळतो तो बर्फाचा. अडचणीच्या वेळी मोडायला ठेवलेली ही ठेव आहे. ती किती उरली हे केवळ नदीचे पाणी पाहून कळत नाही; ते बांबूंकडून कळते.

मोजणीवाचून बोलल्याने काय होते, याचा धडा याच विषयाने एकदा दिला आहे. आयपीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे एक विधान होते. त्यामागे मोजणी नव्हती आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. त्याच्या थोडे आधी, २००९ मध्ये, भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या एका चर्चापत्रात, हिमनद्यांचे मागे हटणे असाधारण म्हणता येत नाही, अशी भूमिका मांडली गेली होती. तिचा भर मुख्यतः मुखांच्या नोंदींवर होता. एकीकडे दिवाळखोरीची अफवा, दुसरीकडे सारे ठीक असल्याचा दिलासा. दोघांपाशीही दीर्घ काळाची वही नव्हती.

स्वीडनपाशी ती आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील स्टोरग्लासियारेन या लहानशा हिमनदीवर वाल्टर श्युट यांनी १९४६ मध्ये काठ्या रोवल्या आणि तेव्हापासून एकही वर्ष न गाळता तिचा जमाखर्च लिहिला जात आहे. जगातील ही सर्वांत लांब सलग नोंद होय. भारतातही आरंभ उशिरा झाला असे नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९७४ मध्येच हिमाचलातील गारा हिमनदीवर काम सुरू केले होते आणि त्यानंतर लडाखपासून सिक्कीमपर्यंत अनेक हिमनद्यांवर मोजणी झाली. परंतु बहुतेक नोंदी दहा वर्षांच्या आत थांबल्या. सर्वेक्षण खात्याच्या गणनेनुसार भारतातील हिमनद्यांची संख्या ९,५७५ आहे. त्यांतील दीर्घ काळ मोजल्या गेलेल्या बोटांवर मोजता येतील. नव्या उपग्रहांसाठी पैसा मिळवणे अवघड असते, पण दरवर्षी त्याच डोंगरावर त्याच काठ्या मोजायला जाणाऱ्या चमूसाठी तो मिळवणे बहुधा त्याहून अवघड असते. या कामात नवे काहीच दिसत नाही, हीच त्याची अडचण.

तरीही अलीकडे चंद्रेच्या खोऱ्यात वह्या वाढल्या आहेत, आणि त्यांतील काही गोव्यातून चालवल्या जातात. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये ‘हिमांश’ नावाचे संशोधन स्थानक साडेतेरा हजार फुटांवर उभारले असून त्या खोऱ्यातील सुत्री ढाका, बटाल यांसारख्या हिमनद्यांवर काठ्या रोवल्या आहेत. समुद्राकाठच्या कचेरीतून उन्हाळ्यात निघालेली माणसे महिनाभरात बर्फावर उभी असतात.

काठ्यांच्या कामात एक गंमत आहे, जी पेढीवरच्या वहीत कधी येत नाही. हिमनदी वाहते. छोटा शिग्रीच्या मधल्या भागात बर्फ वर्षाला वीस-तीस मीटर खाली सरकते आणि रोवलेला बांबूही त्याच्याबरोबर जातो. २००३ ते २०१० या काळात ४,७५० मीटरखालील भागात हा वेग २४ ते ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. वरून येणारा पुरवठा आटला की हिमनदी पातळ होते आणि मंदावते. खालपर्यंत वाहत आलेले बांबू कधीतरी पूर्ण उघडे पडून आडवे होतात. म्हणून मूळ जागी दर काही वर्षांनी नवी काठी लावावी लागते. सप्टेंबरच्या अखेरीस चमू उपकरणाने ती जागा शोधतो, वाफेचे यंत्र पेटवतो, छिद्र पाडतो आणि नवा बांबू आत उतरवतो. त्यावरचा क्रमांक आणि बर्फाबाहेर उरलेली लांबी वहीत लिहिली जाते. मग सामान बांधून सगळे घाईने खाली उतरू लागतात, कारण ऑक्टोबरचे पहिले हिम कधी पडेल याचा नेम नसतो.